डब्याच्या नोंदी: मुलुंडच्या पावसापासून कटराईनच्या थंडीपर्यंत

१४ मे २०२४, मंगळवार

काल दुपारच्या वादळाने डब्यावरची निळी ताडपत्री दोऱ्यांसकट उचलली आणि शेजारच्या सोसायटीतल्या बदामावर नेऊन टाकली. रात्री घाटकोपरच्या कोसळलेल्या होर्डिंगच्या बातम्या बघताना ताडपत्रीचा विषय घरात कुणी काढला नाही. आज सकाळी वॉचमनने बांबूने ती खाली ओढली.

डबा म्हणजे आमची चौदा फुटी, दोन चाकांची, गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी सांगाडा आणि प्लाय. दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतली. नाव बाबांनी ठेवलं. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सगळी नोकरी डबे दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही खोलीला ते डबाच म्हणणार.

गेल्या जूनमध्ये आम्ही हा डबा असा गुंडाळला होता की जणू कुरियरने पाठवायचा आहे. दिवाळीपर्यंत उघडलाच नाही. उघडल्यावर कुबट वास आला, तो पावसाळ्याचा असणारच म्हणून अगरबत्ती लावली आणि सहलीला निघालो. फेब्रुवारीनंतर धूळ आणि वटवाघळांची घाण नको म्हणून ताडपत्री परत चढली. आज ती नसताना मागचा उजवा कोपरा नीट दिसला. पत्र्याला हलकासा फुगवटा. आत कपाटाखाली हात घातला तर जमिनीचा प्लाय चहात बुडवलेल्या पावासारखा दबला.

नवरा म्हणाला, "पावसाळा महिन्यावर आलाय." मला माहीत होतं.

१८ मे, शनिवार

बाबा साडेसातलाच दाभण, टॉर्च आणि थर्मास घेऊन हजर. रेल्वेच्या डब्यात सगळ्यात आधी संडासाच्या दाराशी असलेली जमीन जाते, हे त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान. म्हणून दाभण पहिल्यांदा तिथे टोचलं. तिथे सगळं ठणठणीत. मग चार-चार बोटांवर टोचत कोपऱ्याकडे सरकले. चांगल्या प्लायमध्ये दाभण जेमतेम दोन मिलिमीटर जातं आणि ओढताना कुरकुरतं. कोपऱ्यापासून दीड फुटावर ते मुठीपर्यंत गेलं, आवाजसुद्धा न करता. बाहेर आलं तेव्हा टोकाला काळा ओला भुगा होता, गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा.

"इथे सडलंय. पण पाणी इथून शिरलेलं नाही," बाबा म्हणाले.

पाणी कुठून येतंय ते शोधायचं तर खालून वर जायचं, हे आज शिकले. वरून पाणी ओतलं की ते सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि चोर सापडत नाही. आधी खालचा सांधा दहा मिनिटं भिजवायचा, आत टॉर्च घेऊन एकाने बसायचं, काही आलं नाही तर मगच वरचा सांधा. मे महिन्यात नळी लावून गाडी धुणाऱ्याकडे सोसायटी कशा नजरेने बघते ते ठाऊक असल्याने आम्ही झारी वापरली. मागचा दिवा: कोरडा. खिडकीची चौकट: कोरडी. छताच्या कडेची पट्टी भिजवायला घेतली आणि सातव्या मिनिटाला आतून बाबांनी पत्र्यावर टकटक केलं. थेंब कोपऱ्यात पडत होता. शिरत होता तिथून पाच फूट पुढे, छताच्या कडेला. लाकडी पट्टीवरून घरंगळत येऊन कोपऱ्यात मुक्काम करत होता.

लाकडातली ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर मागवलं होतं, ते आज चालवून पाहिलं. डाव्या भिंतीत १३ टक्के. सडक्या कोपऱ्याच्या कडेला ३८.

२० मे, सोमवार

सकाळी मतदान. दुपारी शाई लागलेल्या बोटाने छताच्या कडेच्या पट्टीचे ४६ स्क्रू काढले. त्यातले नऊ गंजून डोक्यापाशीच तुटले.

पट्टीखाली आधीच्या मालकाच्या काळातलं सिलिकॉन थरावर थर. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्या जातीचं असावं, कारण खाली ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरली होती. त्या सिलिकॉनमधून सुटणारं आम्ल पत्र्याला खातं. शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरत नाही. दर वर्षी वरून एक रेघ ओढायची आणि गळती बुजली समजायचं, तो प्रकार इथे पाच वर्षं तरी झालेला दिसतो. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायला अडीच तास लागले. लोखंडी पट्टी वापरू नका, पत्र्यावर ओरखडे पडतात.

२ जून, रविवार

गेले बारा दिवस उघड्या कोपऱ्यासमोर दोन टेबल फॅन अहोरात्र. रोज रात्री दहाला मीटरचा आकडा: ३८, ३५, ३१, मग चार दिवस २६ वर अडून बसला. बाबांनी आतलं फोम सोडवून बाहेर काढायला लावलं, ते पिळल्यावर पाणी निघालं. त्यानंतर आकडा भराभर उतरला. काल १७.

सुतारकाकांनी काल सडलेला तुकडा कापला. काळं दिसतं तिथवर कापून ते थांबत होते, बाबांनी चारी बाजूंनी आणखी वीतभर कापायला लावलं. सुतारकाकांचं तोंड वाकडं झालं, पण कापलेल्या तुकड्याच्या कडेला बुरशीचे पांढरे धागे दिसल्यावर गप्प बसले. नवीन प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय. कापलेल्या सगळ्या कडांना आधी लाकूडरक्षक, मग इपॉक्सी. प्लाय पाणी पाठीतून कमी आणि कडेतून जास्त पितो.

पट्टी परत बसवताना खाली ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावली. नागदेवी स्ट्रीटला तीन दुकानं फिरल्यावर मिळाली. दोन दुकानदारांनी "सिलिकॉन ले जाओ, सब वही लेते हैं" म्हणून सांगितलं. ब्यूटिल कधी कडक होत नाही, डबा रस्त्यावर हलतो तशी ती हलते, आणि पुढे कधी पट्टी काढायची वेळ आली तर सुटते. पॉलियुरेथेन सीलंट याहून घट्ट धरतं, पण ते मी जो सांधा जन्मात उघडायचा नाही तिथेच लावेन. स्क्रू स्टेनलेसचे. टेप कडेने बाहेर येईपर्यंत आवळायचे, एका दिवसात पूर्ण नाही. आज थोडे, उद्या उन्हात टेप मऊ झाल्यावर परत.

८ जून, शनिवार

इंग्लंड-युरोपातले कॅरॅव्हॅनवाले ऑक्टोबरात डबा बंद करतात आणि मार्चमध्ये उघडतात. त्यांची सगळ्यात मोठी भीती, पाणी गोठून पाइप फुटेल. मुंबईत आमचा 'हिवाळा' जून ते सप्टेंबर. त्यांच्या याद्या वाचून आम्ही गेल्या वर्षी डबा बंद केला होता. यंदा यादी तीच घेतली, पण प्रत्येक ओळीपुढे 'मुलुंडमध्ये काय?' असं लिहून.

पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, गीझर, सगळं रिकामं. गरम-थंड दोन्ही नळ उघडे सोडले, शॉवरची नळी खाली लोंबती ठेवली. पंप कोरडा होईपर्यंत अर्धा मिनिट चालवला, त्याहून जास्त नाही. इकडे गोठायचं भय नसलं तरी साचलेल्या पाण्यात चार महिन्यांत जे जगतं ते मला ऑक्टोबरात प्यायचं नाही. फ्रिज पुसून त्याच्या दारात लाकडी चमचा अडकवला म्हणजे ते मिटणार नाही. गाद्या घरी, दिवाणाखाली. ज्या घरी मावल्या नाहीत त्या आत उभ्या करून ठेवल्या, भिंतीला न टेकवता. कॅसेट टॉयलेटच्या (टाकी बाहेर काढून रिकामी करायचा संडास) रबराला सिलिकॉनचं वंगण. व्हॅसलीन लावायचा मोह होतो, पण त्याने रबर फुगतं.

बॅटरी काढून घरात. हँडब्रेक सोडला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे दिले. गेल्या वर्षी हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि दिवाळीत ब्रेकचे बूट ड्रमला असे चिकटले होते की हातोडी घ्यावी लागली. पुढचं छोटं चाक फिरवून नाक चार इंच वर केलं, म्हणजे छतावरचं पाणी मागे वाहून जाईल. कोपऱ्यांचे चार पाय टेकवले ते फक्त डबा हलू नये म्हणून. त्यांच्यावर डबा उचलायचा नसतो. नवऱ्याने उचलून पाहिला, एक पाय किंचित वाकलाय.

ताडपत्री यंदा नाही. त्याऐवजी कंपाउंडच्या भिंतीला लागून लोखंडी पाइपांवर पत्र्याची उतरती शेड, डब्याच्या छतापासून दीड फूट वर, चारी बाजू मोकळ्या. सेक्रेटरींनी 'तात्पुरती' हा शब्द अर्जात तीन वेळा घालून घेतला.

घुशी हा वेगळा विषय. डब्याच्या जमिनीतून पाइप आणि वायर जिथे आत जातात तिथल्या फटींत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली. गॅसच्या कपाटाच्या तळाला असलेलं भोक मात्र बुजवलं नाही, त्यावर फक्त बारीक जाळी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो आणि त्या भोकातूनच बाहेर जातो. शेजारच्या काकांनी "पाणी उडेल हो" म्हणत त्यावर चिकटपट्टी मारली होती, ती काढली.

९ जून, रविवार

मान्सून मुंबईत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. सरासरी तारखेच्या दोन दिवस आधी, आणि आमच्या एक दिवस नंतर.

९ जुलै, मंगळवार

परवा रात्री एकपासून काल सकाळी सातपर्यंत शहरात काही ठिकाणी ३०० मिमीवर पाऊस. लोकल बंद, ऑफिस नाही. छत्री घेऊन खाली गेले. दुरुस्त केलेला कोपरा: १९.

पोटात गोळा आला. मग डाव्या भिंतीत सुया टोचल्या: १८. दारात, शेडखाली पडलेल्या उरलेल्या प्लायच्या तुकड्यात टोचल्या: १८. तेव्हा जिवात जीव आला. परदेशी याद्यांत १५ च्या खाली ठीक आणि २० च्या वर दुरुस्ती असं लिहिलेलं असतं, ते त्यांच्या हवेसाठी. जुलैत मुंबईच्या हवेत नुसतं टांगून ठेवलेलं लाकूडसुद्धा १७-१८ वर जाऊन बसतं. इथे आकडा एकटा वाचायचा नाही, चांगल्या भिंतीशी ताडून वाचायचा. दोघांत चार-पाचचा फरक पडला तर शिडी काढायची.

२१ जुलै, रविवार

आत आर्द्रता ८८ टक्के. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बुरशीचे ठिपके, अजून बोटाने पुसले जातात असे.

'हवा खेळती ठेवा' हा सल्ला जुलैच्या मुंबईत अर्धाच खरा आहे. बाहेर ९० टक्के असताना खिडक्या उघडून आत येणार काय? ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे छोटे डबे ठेवले होते ते नऊ दिवसांत पाण्याने भरले. ते उपयोगी आहेत, पण छोट्या बंद कपाटापुरते, आणि सांडले तर ते खारट पाणी पत्र्याला भोवतं. बशीत ठेवा.

खरा उपाय आईच्या घरून आला. आजोबांच्या हार्मोनियमच्या कपाटात पावसाळाभर बल्ब जळायचा. आम्हाला लहानपणी वाटायचं की पेटीला अंधाराची भीती वाटते. त्यामागचं गणित असं: हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तीच हवा ३१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ७२ च्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, तिची धरून ठेवायची ताकद वाढते. आणि बुरशीला साधारण सत्तरच्या वर गेल्याशिवाय मजा येत नाही. लोहार चाळीतून चिनी मातीचे दोन होल्डर आणि जुने ४० वॉटचे पिवळे बल्ब आणले. एलईडी चालत नाही, त्याला गरमच होता येत नाही. भोवती तारेची जाळी, वितीच्या आत कापड नाही, गादी नाही, आणि लाइन आरसीसीबीतून, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमधून. एक मोठ्या कपाटात, एक बाकाखालच्या पेटीत. बाकी डब्यासाठी शेजाऱ्यांकडून कॉम्प्रेसरवाला डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, शनिवार-रविवार उसना. तो चालू असताना मात्र खिडक्या घट्ट बंद, नाहीतर तो अख्ख्या मुलुंडची हवा कोरडी करायला निघतो.

आठ दिवसांनी घातलेली भर: कपाटात ६९ टक्के.

१५ ऑगस्ट, गुरुवार

उघडीप. झेंडावंदन झाल्यावर डब्याची दारं-खिडक्या सगळं सताड उघडलं, साडेचारला बंद. चाकं पाव फेरा फिरवली. बॅटरी घरी १२.४ व्होल्ट दाखवत होती, रात्रभर चार्जरला लावून १२.७. लीड-ॲसिड बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती भरल्याचं नुसतं नाटक करते. महिन्यातून एकदा, बस.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी जे काही कोसळलं, त्यात ऑफिसमधून घरी यायला साडेचार तास. रात्री अकराला चपला हातात घेऊन सरळ डब्याकडे गेले. मीटर: कोपरा १८, भिंत १८. नवरा खिडकीतून ओरडत होता की आधी पाय धू.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

डब्याला झेंडू आणि आंब्याचा डहाळा. त्याआधी टायर. कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या एका टायरवर ३११६, म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी. विकणाऱ्याने 'टायर नवे' म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही नक्षी बघून विश्वास ठेवला होता. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, उभे राहून म्हातारे होतात. कडेला वाकवून पाहिलं तर केसासारख्या भेगा. दोन्ही बदलले. चाकांचे नट टॉर्क पान्ह्याने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या) आवळले, पहिल्या ५० किलोमीटरनंतर परत आवळायचे म्हणून दारावर आतून चिठ्ठी चिकटवली.

फ्रिजच्या मागच्या जाळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. खरवडून काढलं. तशीच दुसरी वसाहत शेगडीच्या जेटजवळ, बोटाच्या पेराएवढी. ती दिसली नसती तर गॅस पिवळा, काजळी धरत जळला असता आणि आम्ही सिलिंडरला शिव्या दिल्या असत्या. गॅसची नळी पाच वर्षांपूर्वीची होती, छापलेली तारीख बघून तीही नवीन घेतली.

१७ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. नाताळच्या सुट्टीत कुल्लू. नवऱ्याला मनालीच्या वर जायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. बर्फाळ चढावर मागे चौदा फुटी डबा असलेली गाडी एकदा घसरली की पुढचं आणि मागचं वाहन आपापला निर्णय घेतात. डबा खोऱ्यात खाली राहील, बर्फ बघायला भाड्याच्या गाडीने जाऊ.

म्हणजे आता त्या परदेशी याद्या खऱ्या कामाच्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि नळी कुठे फुगवायची ते आपल्याला विचारत नाही. पाण्याची टाकी डब्याच्या तळाखाली उघडी आहे, तिला आणि खालून जाणाऱ्या पाइपांना एसीवाल्याकडचं काळं फोमचं आवरण चढवलं. बाहेरच्या नळीला सुटणारा जोड बसवला, म्हणजे रात्री ती काढून आत घेता येईल. सांडपाण्याची टाकी रात्री बंद ठेवायची नाही, तोंड उघडं आणि खाली बादली. बादलीतलं पाणी गोठलं तर गोठू दे.

ओढणाऱ्या गाडीचा कूलंट तपासायला गॅरेजमध्ये गेलो. रेडिएटरात कूलंट नव्हताच, नळाचं पाणी होतं. मुंबईत हे चालून जातं, कारण इथल्या सगळ्यात थंड रात्रीचा विक्रम म्हणजे २२ जानेवारी १९६२ चे ७.४ अंश. हिमाचलात इंजिनच फुटेल. ग्लायकोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरून घेतलं, ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. हे ग्लायकोल विषारी, डब्याच्या पिण्याच्या पाइपांत त्याचा एक थेंबही जाता कामा नये.

१५ डिसेंबर, रविवार, महाबळेश्वर

रंगीत तालीम. पसरणीच्या घाटात चढताना काही नाही, उतरताना खरी परीक्षा: पहिल्यापासून खालचा गिअर, ब्रेक दाबून-सोडून. वाईत थांबून चाकाच्या तुंब्याला हाताची पाठ जवळ नेऊन पाहिलं, दोन्ही सारखेच कोमट. एक गरम आणि एक गार असता तर परत ड्रम उघडावा लागला असता.

वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. आमच्या नशिबी नव्हते, पहाटे बाहेर ८ अंश. पण धडा मिळाला. थंडी म्हणून मुलाने छताची खिडकी गच्च लावली, चौघं आत झोपलो. सकाळी काचांवरून पाणी ओघळून उशा ओल्या. झोपलेली माणसं रात्रभर श्वासातून पाणी सोडत असतात, चौघांचं मिळून लिटरभर सहज. जूनपासून ज्याला मी बाहेरून येऊ दिलं नाही, ते आम्ही स्वतःच आत ओतलं. छताची खिडकी बोटभर उघडी राहील, बाकी रजई.

रजई म्हणजे रजईच. रात्री कुणीतरी सिगडी पेटवायची भाषा केली. बंद डब्यात कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही आणि जाग येत नाही. शेगडीवर डबा गरम करायचा नाही हेही त्यातच आलं. त्या वायूचा अलार्म घेतला, दोन हजारांच्या आत मिळाला.

२० डिसेंबर, शुक्रवार

सामान. जड वस्तू खाली, चाकांच्या वर. बाबा यायचे नाहीत, गुडघे. त्यांनी दाभण मात्र दिलंय.

२७ डिसेंबर, शुक्रवार, कटराईन

कुल्लू आणि मनालीच्या मधे, बियास नदीच्या काठी, सफरचंदाच्या नागड्या बागेशेजारी. २३ तारखेला मनालीच्या वर सोलांग आणि अटल टनेलच्या मधे शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. डबा लावला त्या जागेच्या मालकाने डबा बघून विचारलं, "ये ऊपर ले जाना था?" नवरा माझ्याकडे न बघता "नहीं नहीं" म्हणाला.

पहाटे उणे ३. टाकी ठीक, पाइप ठीक, बाहेरची नळी आत पलंगाखाली. छताची खिडकी बोटभर उघडी, काचांवर थोडंसंच पाणी. गॅस मात्र मेणबत्तीएवढा. आपल्या घरगुती सिलिंडरात ब्यूटेन बरंच असतं आणि ते उणे अर्ध्या अंशाखाली वाफ व्हायला तयार नसतं. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होतं, तेवढ्यावरच ती मेणबत्ती जळत होती. सिलिंडर गरम पाण्यात ठेवायची, आच द्यायची आयडिया देणारे इथेही भेटले. आम्ही ऊन पडायची वाट पाहिली. साडेनऊला ऊन कपाटावर आलं आणि दहाला चहा.

चहासाठी नळ सोडला तर धार आली नाही, पंपाचा आवाज आला. आणि मग सिंकखालच्या बाहेरच्या कप्प्यातून टप टप. पाण्याच्या फिल्टरची पारदर्शक वाटी. टाकीपासून शॉवरपर्यंत सगळं आठवलं, ही विसरले. ती कायम भरलेली असते आणि तिचा कप्पा बाहेरच्या हवेत. तळापासून वरपर्यंत एक सरळ चीर, आत बर्फाचा तिच्याच आकाराचा गोळा.

फिल्टर काढून दोन पाइप थेट जोडले, पिण्याचं पाणी उकळून. बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "वाटी नवीन घेशील तेव्हा खाली ड्रेन कॉक असलेली घे."